‘कॅरी’ (१९७६): समीक्षकांना भीती दिसली, छळ दिसला का?

अनवट (धागालेखक)

ब्रायन डी पामा यांनी दिग्दर्शित केलेला ‘कॅरी’ हा चित्रपट मी गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा पाहिला आणि त्यानंतर चार दिवस त्याच्यावरची जुनी-नवी परीक्षणे वाचत बसलो. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी कृपया आधी पाहावा, कारण शेवटाविषयी बोलल्याशिवाय ही चर्चा होऊच शकत नाही.

कथा थोडक्यात सांगतो. कॅरी व्हाइट ही शाळेच्या शेवटच्या वर्षातली बुजरी मुलगी आहे. तिची आई धर्मवेडी असून शरीराशी संबंधित प्रत्येक गोष्ट तिच्या लेखी पाप आहे. त्यामुळे व्यायामाच्या तासानंतर शाळेच्या न्हाणीघरात कॅरीला पहिल्यांदा पाळी येते तेव्हा आपण मरत आहोत असेच तिला वाटते, आणि वर्गातल्या मुली तिला धीर देण्याऐवजी तिच्यावर सॅनिटरी पॅड फेकत एका सुरात ओरडत राहतात. या प्रकाराबद्दल व्यायामाच्या शिक्षिका मिस कॉलिन्स यांच्याकडून शिक्षा झालेली क्रिस ही मुलगी राग मनात धरते, शाळेच्या प्रॉम या नृत्यसमारंभात मतपत्रिकांची अदलाबदल करवून कॅरीला ‘राणी’ निवडून आणते आणि भर मंचावर तिच्या अंगावर डुकराच्या रक्ताची बादली उपडी करते. कॅरीला मनाच्या जोरावर वस्तू हलवता येतात, हे तोवर प्रेक्षकाला कळलेले असते. त्या सभागृहातून मग जवळजवळ कोणीच जिवंत बाहेर पडत नाही.

स्टीफन किंग यांची ही पहिली प्रकाशित कादंबरी, १९७४ सालची. चित्रपट नोव्हेंबर १९७६ मध्ये आला. सुमारे १८ लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत ३ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. सिसी स्पेसेक आणि आईची भूमिका करणाऱ्या पायपर लॉरी या दोघींना ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि भयपटातल्या अभिनयाला असा मान क्वचितच मिळत असे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी त्याची निवडही झाली. म्हणजे मानसन्मानाची उणीव नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. मी वाचलेल्या त्या काळच्या बहुतेक लेखनात डी पामा यांचे रहस्यपटांचे दिग्दर्शक हिचकॉक यांच्या शैलीशी असलेले नाते, कॅमेऱ्याच्या करामती, संकलन आणि शेवटचा धक्का, म्हणजे मातीतून अचानक बाहेर येणारा कॅरीचा हात, यांविषयी भरभरून लिहिलेले आहे. मुलींनी कॅरीचा जो छळ केला, तो मात्र कथेची गाडी सुरू करणारे एक निमित्त म्हणून दोन ओळींत उरकलेला दिसतो. आज शाळेतल्या छळावरच्या चित्रपटांविषयी बोलताना सर्वांत आधी ‘कॅरी’चेच नाव घेतले जाते. मग तेव्हाचे समीक्षक आंधळे होते, की चित्रपटात नसलेले काही आपण आज त्यात पाहत आहोत?

रातवा

‘बहुतेक’ हा शब्द तुम्ही वापरलात हे बरे झाले, कारण निदान एक मोठा अपवाद आहे. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी साडेतीन तारे देताना नेमके हेच लिहिले होते की, ही भीती बाहेरून आणून चिकटवलेली नाही, ती पात्रांमधून उगवते, आणि कॅरी ही भयपटांच्या कारखान्यातून निघालेली ठोकळेबाज मुलगी नसून आपल्याबरोबर शाळेत असलेल्या मुलांसारखी आहे. शेवटच्या धक्क्याची तुलना त्यांनी ‘जॉज’मधल्या शार्कशी केली आणि पुढे सगळ्यांनी तेवढेच वाक्य लक्षात ठेवले, हा दोष ईबर्ट यांचा नव्हे.

पॉलिन केल यांना हा चित्रपट भीषण आणि त्याच वेळी काव्यमय वाटला होता. त्यांनी त्याच्यातल्या विनोदाचे आणि सवंग वाटणाऱ्या गोष्टींच्या कलात्मक वापराचे मनापासून कौतुक केले. त्यांच्या लेखनात दिग्दर्शकाच्या शैलीचा आनंद अधिक आहे, हे मात्र तुमच्या बाजूने मान्य करतो.

शमा_नाशिक

पायपर लॉरी यांच्या अभिनयावर वेगळा धागा निघायला हवा. १९६१ च्या ‘द हसलर’नंतर इतकी वर्षे चित्रपटांपासून दूर राहून परत यावे आणि अशी आई उभी करावी, हे थक्क करणारे आहे.

निर्झर

मी शालेय समुपदेशक आहे, म्हणून अनवट यांच्या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहते. १९७६ मध्ये या गोष्टीकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहण्याची सवयच समाजाला नव्हती. शाळेतल्या छळाचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास करणारे डॅन ओल्वेउस यांचे पुस्तक १९७३ मध्ये स्वीडिश भाषेत आले आणि इंग्रजीत ते १९७८ मध्ये, म्हणजे ‘कॅरी’ प्रदर्शित झाल्यानंतर आले. नॉर्वेने देशभरातील शाळांमध्ये या विरोधात मोहीम काढली ती १९८३ मध्ये, आणि तीही काही मुलांनी जीव दिल्यानंतर. तोवर ‘मुले अशीच असतात’ हेच उत्तर सर्वत्र दिले जात होते. समीक्षकही त्याच समाजातले होते.

मराठीत तरी आज काय स्थिती आहे? ‘चिडवणे’ म्हटले की गोष्ट गंमतीची होते, ‘छळ’ म्हटले की पालक दचकतात आणि ‘इतके काही झालेले नाही’ असे म्हणतात, ‘रॅगिंग’ हा शब्द आपण महाविद्यालयासाठी आणि वसतिगृहासाठी राखून ठेवला आहे. माझ्याकडे येणारी मुले शेवटी ‘बुलिंग’ असेच म्हणतात, कारण त्या शब्दाला अजून कोणी हसत नाही.

पृथक्

दिग्दर्शकाच्या शैलीविषयी लिहिणे म्हणजे छळाकडे दुर्लक्ष करणे, असे जे या धाग्यात गृहीत धरले जात आहे ते मला पटत नाही. डी पामा छळाविषयी जे काही बोलतात ते शैलीतूनच बोलतात. प्रॉममधले नृत्य आठवा. कॅरी आणि तिला प्रॉमला घेऊन आलेला टॉमी फिरत्या चौथऱ्यावर उभे आहेत आणि कॅमेरा त्यांच्याभोवती उलट दिशेने फिरतो आहे, त्यामुळे गती वाढत जाते आणि सुखाची जागा हळूहळू भोवळ घेते. त्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला आनंद किती अस्थिर आहे, हे एकाही संवादाशिवाय कळते.

दुसरे, रक्त पडल्यानंतरचे क्षण. आधी शांतता आहे, फक्त दोरीला लटकणारी बादली हलते आहे. नॉर्मा ही क्रिसची मैत्रीण खरोखर हसते. त्यानंतर पडदा शोभादर्शकासारखा तुकड्यातुकड्यांत फिरू लागतो, आईचे ‘सगळे तुला हसतील’ हे शब्द घुमू लागतात, न्हाणीघरातल्या घोषणा ऐकू येतात, बाईंनी दिलेले विश्वासाचे वचनही त्यातच मिसळते, आणि आता सगळेच हसताना दिसतात, मिस कॉलिन्ससुद्धा. हे हसणे खरे आहे की कॅरीच्या डोळ्यांतले? माझ्या मते बहुतेकांचे हसणे तिच्या डोळ्यांतले आहे. वर्षानुवर्षे जिला हसले गेले तिला आता न हसणारा चेहरा ओळखता येत नाही. छळाचा परिणाम दाखवणारे याहून नेमके दृश्य मला ठाऊक नाही.

स्प्लिट स्क्रीनचा वापर मात्र मला कधीच रुचला नाही. अर्ध्या पडद्यावर कॅरीचे डोळे आणि अर्ध्यावर कोसळणारी माणसे ठेवल्याने आपण तिच्या मनातून बाहेर पडतो आणि केवळ मोजदाद करू लागतो.

मंदार७१

हा चित्रपट मी १९९० च्या सुमारास अभियांत्रिकीच्या वसतिगृहात पाहिला. भाड्याने व्हीसीआर आणला होता आणि एका खोलीत आम्ही पंचवीस-तीस मुले दाटीवाटीने बसलो होतो. न्हाणीघराच्या दृश्यात शिट्ट्या वाजल्या, मुली कॅरीवर वस्तू फेकू लागल्या तेव्हा हशाही झाला. शेवटी तो हात बाहेर आला तेव्हा मागच्या बाकावरची चार मुले बाकासकट खाली पडली, आणि ती गोष्ट पुढे कित्येक महिने सांगितली जात होती.

पृथक्, तुम्ही नॉर्माच्या हसण्याविषयी लिहिलेत म्हणून हे लिहितो आहे. आमच्या मजल्यावर एक मुलगा होता. त्याच्या बोलण्यातल्या गावाकडच्या हेलावरून आम्ही त्याला एक नाव पाडले होते, आणि ते नाव त्याच्या दारावर खडूने लिहिले जायचे. पहिले वर्ष संपले आणि तो परत आला नाही. त्या रात्री चित्रपट पाहताना तोही त्याच खोलीत, दाराजवळ उभा होता. आम्ही हसत होतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होते, हे मी वळून पाहिले नाही. चित्रपटांच्या अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ च्या त्यांच्या पुस्तकात असे मांडले आहे की, भयपट पाहणारे तरुण मुलगे त्यातल्या छळल्या जाणाऱ्या मुलीशी एकरूप होतात. किंग यांनी स्वतःही म्हटले होते की, व्यायामाच्या तासाला ज्याची चड्डी खाली ओढली गेली आहे अशा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ‘कॅरी’ आहे. माझा अनुभव तसा नाही. आमच्यापैकी बहुतेक जण पहिला तासभर त्या मुलींबरोबर होतो.

सुरंगी

मंदार, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

आता न्हाणीघराच्या दृश्याविषयी. माझे बालपण कोकणातल्या एका लहान गावात गेले. मला कोणीही काही सांगितलेले नव्हते. ‘कावळा शिवला’ एवढेच शब्द मोठ्या बायकांच्या बोलण्यातून कानावर पडलेले होते आणि मला खरोखर कावळाच वाटायचा. शाळेत माझ्या फ्रॉकला डाग पडला तेव्हा मला वाटले की, पोटात काहीतरी फुटले आहे. माझे नशीब असे की, शेजारच्या बाकावरच्या मुलीने स्वतःची ओढणी माझ्या कमरेला बांधली आणि काही न बोलता मला घरी नेऊन सोडले. त्यामुळे ‘कॅरी’ पाहताना मला शक्तीची किंवा आगीची भीती वाटली नाही. त्या मुलीच्या जागी आणि त्या ओढणीच्या जागी दुसरे काही असते तर काय झाले असते, याची वाटली.

समीक्षेविषयी बोलायचे तर बार्बरा क्रीड यांनी १९९३ च्या त्यांच्या पुस्तकात या चित्रपटावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पाळीचे रक्त आणि डुकराचे रक्त हे चित्रपट एकाच माळेत ओवतो आणि स्त्रीच्या शरीरालाच भयाचे उगमस्थान करतो, असा त्यांचा रोख आहे. डी पामा यांच्यावर स्त्रीद्वेषाचा आरोप पुढे १९८० च्या ‘ड्रेस्ड टू किल’च्या वेळी महिला संघटनांच्या निदर्शनांपर्यंत पोहोचला, आणि त्या प्रकाशात ‘कॅरी’कडेही पुन्हा पाहिले गेले. माझे मत दोन्हीकडे ओढले जाते. मुलींच्या न्हाणीघरात तो कॅमेरा ज्या संथपणे आणि ज्या गोड संगीतावर फिरतो, ते मला आजही सहन होत नाही, कारण त्या क्षणी कॅमेराही त्या मुलीला सोडत नाही. आणि तरीही, रक्त दिसल्यावर तेच संगीत ज्या तऱ्हेने थांबते, त्यामुळे पाहणाऱ्याला स्वतःच्या पाहण्याची लाज वाटते. शिट्ट्या वाजवणाऱ्या मुलांना ती वाटली का, हे मंदारच सांगू शकतील.

मंदार७१

शिट्ट्या थांबल्या होत्या. लाजेने की किळसेने, हे मी आज प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

वैखरी

मी २६ वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले आहे आणि या चर्चेत शाळेतल्या मोठ्या माणसांविषयी अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहिते.

कॅरीला छळणाऱ्या फक्त त्या मुली नाहीत. मुख्याध्यापक तिला समोर बसवून सारखे चुकीच्या नावाने हाक मारतात आणि तिने दुरुस्त केले तरी त्यांच्या लक्षात राहत नाही. इंग्रजीचे शिक्षक टॉमीच्या नावावरची कविता वाचतात, कॅरी कशीबशी ‘सुंदर आहे’ एवढेच म्हणते, आणि ते शिक्षक भर वर्गात तिची टर उडवतात. हे काही क्षणांचे दृश्य आहे, परंतु मुलींना परवानगी कोठून मिळते ते त्यात दिसते. ज्या वर्गात शिक्षक एका मुलाला हसतात, त्या वर्गात त्या मुलाला हसण्याची मुभा सर्वांना मिळालेली असते.

आणि मिस कॉलिन्स. त्यांना समीक्षक सरसकट ‘प्रेमळ शिक्षिका’ म्हणतात. त्या प्रेमळ आहेतच, तरीही न्हाणीघरात घाबरलेल्या कॅरीला त्या आधी थोबाडीत मारतात, पुढे मैदानावर क्रिसलाही मारतात. त्यांची शिक्षा न्याय्य होती, हे मान्य करूनही सांगते की, तिच्यातूनच पुढची बादली तयार झाली. मी स्वतः ही चूक केली आहे. आठवीच्या वर्गात एका मुलीला त्रास देणाऱ्या चौघींना मी सर्वांसमोर कडक शब्दांत सुनावले आणि प्रश्न मिटला असे समजले. पुढच्या आठवड्यापासून त्या मुलीचा डबा रोज मधल्या सुट्टीआधी गायब होऊ लागला, आणि तिने मला ते सांगितले नाही, कारण मागच्या वेळी मला सांगितल्याचा परिणाम तिने पाहिला होता. मला ते दिवाळीनंतर तिच्या आईकडून कळले.

कादंबरीत या शिक्षिका जिवंत राहतात आणि नोकरी सोडतात. चित्रपटात डी पामा यांनी त्यांना मारले आहे. त्या बदलाचा राग मला अनेक वर्षे होता. पृथक् यांचे विवेचन वाचल्यावर आता तो थोडा कमी झाला आहे.

दुर्ग

इथे सगळे कॅरीच्या बाजूने आहेत, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो, आणि ती केवळ वादासाठी मांडत नाही.

ज्या मुलाचा छळ झाला आहे त्याच्या हाती शक्ती आली तर तो सगळ्यांना, दोषी आणि निर्दोष, सारखेच मारील, असे हा चित्रपट दाखवतो. १९७६ मध्ये ही कल्पित गोष्ट होती. १९९९ च्या मार्चमध्ये ‘द रेज: कॅरी २’ आला आणि पुढच्याच महिन्यात कोलोरॅडोमधल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी हत्याकांड केले. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही, तसे मी सुचवतही नाही. परंतु त्यानंतर एकटे राहणाऱ्या, गप्प असणाऱ्या मुलाकडे संशयाने पाहण्याची सवय लागली, आणि या प्रकारच्या चित्रपटांनी त्या सवयीला चेहरा पुरवला. छळ सोसणारी असंख्य मुले कोणाच्याही केसाला धक्का न लावता मोठी होतात किंवा स्वतःलाच इजा करून घेतात. भयपटाला त्यांच्यात रस नाही.

स्वतः किंग यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवली नाही. शाळेत बंदूक घेऊन जाणाऱ्या मुलाविषयीची त्यांची ‘रेज’ ही कादंबरी, जी १९७७ मध्ये रिचर्ड बाकमन या टोपणनावाने आली होती, ती केंटकीमधल्या एका शाळेत १९९७ मध्ये झालेल्या गोळीबारानंतर त्यांनी स्वतःहून बाजारातून काढून घेतली. ‘कॅरी’ मात्र तशीच राहिली. समीक्षकांनी विचारायला हवा होता तो प्रश्न मला असा वाटतो की, एकीला सूट का?

रातवा

कारण मनाने आग लावण्याची नक्कल कोणी करू शकत नाही. बंदुकीची करता येते. हे उत्तर थोडक्यात असले तरी माझ्या दृष्टीने पुरेसे आहे.

निर्झर

दुर्ग यांचा मुख्य मुद्दा रातवा यांच्या उत्तराने संपत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काही जण सूडाची चित्रे काढतात, आणि ती चित्रे पाहून घाबरलेले पालक मूल ‘धोकादायक’ झाले का असे विचारतात. चित्र हे बहुतेक वेळा मुलाने स्वतःला सावरण्यासाठी शोधलेला मार्ग असतो. ‘कॅरी’ मला त्या चित्रासारखा वाटतो. भयपटाला सोसून गप्प राहणाऱ्यांत रस नाही हे मात्र दुर्ग यांचे म्हणणे खरे आहे.

मेघना_मिशिगन

प्रॉमविषयी थोडे सांगते, कारण भारतात वाढलेल्या माझ्यासारखीला तो प्रसंग नुसता नाचाचा कार्यक्रम वाटतो. माझ्या मुलीच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी कोण कोणाला विचारणार, पोशाख कोणता, कोणाच्या गाडीतून कोण जाणार, या चर्चा दोन महिने चालल्या होत्या. ज्यांना कोणी विचारत नाही त्यांची वेगळी यादी मुलांच्या मनात तयार असते.

म्हणून सू या मुलीने स्वतःच्या मित्राला, टॉमीला, कॅरीबरोबर पाठवणे ही मला चित्रपटातली सर्वांत गुंतागुंतीची गोष्ट वाटते. न्हाणीघरात सूसुद्धा त्या घोळक्यात होती. तिला पश्चात्ताप झाला, परंतु तिने कॅरीची माफी मागितली नाही. तिने तिला एक संध्याकाळ देऊ केली. कॅरीला त्यामागचे कारण कधी कळत नाही, त्यामुळे तो सन्मान आहे की दान, हे तिला ठरवताही येत नाही. आणि सू बादलीची दोरी पाहून धावते तेव्हा मिस कॉलिन्स तिलाच बाहेर काढतात, कारण तिच्यावर विश्वास ठेवण्याजोगे तिने आधी काही केलेले नसते.

खारघरकर

२०१३ च्या नव्या आवृत्तीचा उल्लेख अजून झाला नाही. दिग्दर्शन किंबर्ली पियर्स यांचे, कॅरी क्लोई ग्रेस मॉरेट्झ आणि आई ज्युलियन मूर. अनवट यांच्या प्रश्नाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे, कारण तिथे छळ हा विषय उघडपणे मध्यभागी आणलेला आहे. न्हाणीघरातला प्रकार मुली फोनवर टिपतात, तो इंटरनेटवर टाकतात आणि प्रॉममध्ये रक्त पडल्यावर तीच चित्रफीत मोठ्या पडद्यावर लावतात. शिवाय कॅरी शिक्षिकेला वाचवते, म्हणजे तिला दोषी आणि निर्दोष यांतला फरक कळतो.

समीक्षकांचे स्वागत संमिश्र होते. जुन्या चित्रपटाला फार धरून राहिल्याचा आक्षेप सर्वत्र होता. माझा आक्षेप असा की, शिक्षिकेला वाचवल्याबरोबर गोष्ट सुसह्य होते. या कॅरीला हात फिरवून शक्ती वापरताना थोडा आनंदही होताना दिसतो. स्पेसेक यांची कॅरी ताठ उभी असते आणि फक्त तिचे डोळे फिरतात. चित्रीकरणाच्या वेळी त्या २६ वर्षांच्या होत्या, मॉरेट्झ खरोखर त्या वयाच्या आसपास होत्या, आणि तरी शाळकरी मुलगी म्हणून मला स्पेसेकच खऱ्या वाटतात.

पृथक्

स्पेसेक यांनी ती देहबोली गुस्ताव्ह डोरे यांच्या बायबलमधल्या चित्रांवरून घेतली होती. दगडांनी मारल्या जाणाऱ्या माणसांची शरीरे कशी वळतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता. खारघरकर म्हणतात तो फरक कदाचित तिथे आहे. त्यांची कॅरी सूड घेतानाही मार खाणाऱ्या माणसासारखीच उभी राहते.

नीलपक्षी

मी सहसा वाचनमात्र असते. आज लिहिते आहे, कारण मी ती मुलगी होते. त्याविषयी जास्त लिहिणार नाही. सातवी ते दहावी, एवढेच सांगते.

दुर्ग यांना सांगावेसे वाटते की, चित्रपट पाहताना मला सभागृह जळण्याचा आनंद झाला नाही. मला आनंद झाला तो त्याआधी, मुकुट घालून ती हसते तेव्हा. पडद्यामागे बादली आहे हे माहीत असूनही मी ते हसणे थांबवून पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

अनवट यांचा मूळ प्रश्न बाजूला पडला आहे, म्हणून त्याचे उत्तर मला जसे दिसते तसे देते. समीक्षक ज्याला शेवटचा धक्का म्हणतात, ते दृश्य पुन्हा पाहा. सू फुले घेऊन येते. जिथे कॅरीचे घर होते तिथे विक्रीचा फलक लावलेला आहे, आणि तो क्रूसाच्या आकाराचा आहे. हात बाहेर येतो त्याच्या आधी त्या फलकावर कोणीतरी काय रंगवून ठेवले आहे, ते वाचा. कॅरी व्हाइट नरकात जळते आहे, असे लिहिले आहे. ती मेली, शाळा जळली, इतकी माणसे गेली, आणि तरी कोणाला तरी रंग घेऊन तिथवर यावेसे वाटले. ते सूचे स्वप्न आहे हे मला ठाऊक आहे. सू तिच्या वर्गातली होती, आपल्या गावचे लोक काय लिहितील हे तिला पक्के माहीत होते. छळ चित्रपटात आहे की नाही, असे कोणी विचारले की मी त्या फलकाकडे बोट दाखवते.

मंदार७१

दारावरचा खडू आठवला. यापुढे काही लिहिता येत नाही.

वैखरी

नीलपक्षी, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. लिहीत राहा.

अनवट (धागालेखक)

सर्वांचे आभार. ईबर्ट यांच्याविषयीची माझी चूक रातवा यांनी दाखवली, ती मान्य आहे, आणि निर्झर यांनी सांगितलेल्या सालांमुळे त्या काळच्या समीक्षकांना मी ज्या शब्दांत दोष दिला तो परत घेतो.

नीलपक्षी, मी हा चित्रपट तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा त्या दृश्यात माझी नजर खालच्या मातीवर होती, कारण हात तिथून येणार हे मला माहीत होते. फलकावरची अक्षरे मी आजवर वाचलेली नाहीत. आत्ता ते दृश्य पुन्हा लावतो आहे.